जुनी सदनिका विकायला काढताना: कागद आधी, जाहिरात नंतर

सदनिका विकायची ठरली की बहुतेक मालक पहिल्याच आठवड्यात चार छायाचित्रे काढून जाहिरात टाकतात, ग्राहक मिळतो, इसार घेतला जातो आणि मग ग्राहकाच्या बँकेचा वकील विचारतो, "बिल्डरबरोबरचा मूळ करारनामा कुठे आहे?" तो शोधण्यात, वारसांच्या सह्या जमवण्यात किंवा केव्हाच फिटलेल्या कर्जाचा बोजा उतरवण्यात दोन-तीन महिने निघून जातात, इसार पावतीची मुदत उलटते आणि ठरलेला भाव पुन्हा घासाघिशीला येतो. मालमत्तेच्या व्यवहारांत मध्यस्थ म्हणून काम करताना मी मोडलेले जे सौदे पाहिले, त्यांतले फार थोडे किमतीवरून मोडले. बाकीचे कागदांच्या उशिरामुळे.

हा लेख महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेतील वापरातली सदनिका विकणाऱ्यांसाठी आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत आणि पहिले तीन पूर्ण होईपर्यंत जाहिरात देऊ नये.

## टप्पा १: मालकीची साखळी मांडून पाहा

एका मोकळ्या टेबलावर सदनिकेचे सगळे कागद तारखेच्या क्रमाने मांडावेत. सर्वांत खाली बिल्डरने पहिल्या खरेदीदाराला करून दिलेला करारनामा, त्यावर त्यानंतरच्या प्रत्येक विक्रीचा करार, प्रत्येक कराराची नोंदणी पावती व सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी सारांश, ज्याला सगळे 'इंडेक्स टू' म्हणतात), मग ताबा पत्र, इमारतीच्या भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, संस्थेचे शेअर सर्टिफिकेट, चालू मालमत्ता कराची पावती, वीजबिल आणि देखभाल खर्चाचे शेवटचे बिल. आता एकच प्रश्न विचारावा: पहिल्या खरेदीदारापासून आपल्यापर्यंत प्रत्येक हस्तांतरणाचा नोंदणीकृत दस्त आहे का? मधला एक जरी कागद नसेल तर ग्राहकाची बँक कर्ज अडवून धरते.

मधला करार हरवला असेल तर घाबरण्याचे कारण नाही. दस्त नोंदवलेला असल्यास दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत मिळते. त्यासाठी दस्त क्रमांक, वर्ष आणि कार्यालय माहीत असावे लागते. क्रमांक माहीत नसेल तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्च सेवेत गावाचे नाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक देऊन शोध घेता येतो. मूळ कागद हरवल्याची पोलिसांकडे नोंद करावी आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी, कारण बहुतेक बँका प्रमाणित प्रतीबरोबर या दोन्ही गोष्टी मागतात. शेअर सर्टिफिकेट हरवले असेल तर संस्थेकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज करावा लागतो, आणि तो विषय समितीच्या बैठकीत जात असल्याने वेळ लागतो. म्हणून हे काम आजच सुरू करावे.

यानंतर नावे तपासावीत. करारनाम्यात एक आडनाव, पॅन कार्डावर दुसरे, शेअर सर्टिफिकेटवर वडिलांचे नाव गाळलेले, असा घोळ फार ठिकाणी आढळतो. लग्नानंतर नाव बदललेल्या सहमालक महिलांच्या बाबतीत विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची नोंद सोबत ठेवावी. शेअर सर्टिफिकेट उलटून मागची बाजूही पाहावी. प्रत्येक हस्तांतरणाची नोंद तिथे असते आणि शेवटचे नाव आपलेच असायला हवे. कित्येकांनी दहा वर्षांपूर्वी सदनिका घेतलेली असते, पण त्या नोंदीवर अजून आधीच्याच मालकाचे नाव असते.

सदनिका आई-वडिलांकडून वारशाने आली असेल तर याच टप्प्यावर सर्वाधिक वेळ राखून ठेवावा. संस्थेच्या दप्तरी नामनिर्देशन आपल्या नावाने आहे, एवढ्यावर आपण मालक होत नाही. नामनिर्देशित व्यक्तीच्या नावाने संस्थेला कामकाज पुढे चालवता येते. मालकी मात्र मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे ठरते. म्हणजे दोन भावंडे आणि आई असे तीन वारस असतील, तर एकतर तिघांनीही विक्रीच्या करारावर सह्या करायच्या, नाहीतर इतरांनी एकाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र आधी करून द्यायचे. घरात एकोपा असताना हे काम एका दुपारी होते. ग्राहकाने दिलेली रक्कम समोर दिसू लागली की तेच काम वर्षभर लांबते.

सावधान: एखादा वारस किंवा सहमालक परदेशात असेल तर त्याचे कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन येणे, इथे त्यावर मुद्रांक शुल्क भरणे आणि मग ते वापरणे, असा क्रम असतो. करारावर सही करण्याच्या आठवड्यात याची आठवण होऊन उपयोग नाही.

## टप्पा २: कर्ज आणि बोजा

कर्ज पूर्ण फिटलेले असेल तर तीन गोष्टी हातात हव्यात: बँकेचे कर्जफेडीचे पत्र, बँकेकडे ठेवलेले सर्व मूळ दस्त, आणि संस्थेच्या नोंदवहीतील बोजा काढून टाकल्याचे पत्र. भारतीय रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये काढलेल्या व १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या निर्देशानुसार, कर्ज पूर्ण फेडल्यापासून ३० दिवसांच्या आत मूळ कागदपत्रे परत करणे आणि नोंदवलेला बोजा उतरवणे ही बँकेची जबाबदारी आहे, आणि बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कागद परत घेताना, कर्ज घेतेवेळी बँकेने दिलेल्या यादीशी एकेक दस्त ताडून पाहावा. पाकीट न उघडता घरी आणून कपाटात ठेवणारे अनेक असतात आणि नोंदणी पावती त्यात नव्हतीच, हे त्यांना पाच वर्षांनी कळते.

कर्ज चालू असेल तरीही सदनिका विकता येते, पण जाहिरातीपूर्वी बँकेकडून दोन पत्रे मागवावीत: आजच्या तारखेची येणे रक्कम सांगणारे एक, आणि बँकेच्या ताब्यातील कागदपत्रांची यादी देणारे दुसरे. ग्राहकही कर्ज घेणार असेल तर साधारणपणे त्याची बँक या दोन पत्रांच्या आधारे तुमच्या कर्जखात्याच्या नावे धनादेश काढते, तुमची बँक खाते बंद करून कागद सोडते, आणि उरलेली रक्कम तुम्हाला मिळते. हे सगळे इसार घेण्यापूर्वीच ग्राहकाला स्पष्ट सांगावे. कर्ज लपवून ठेवण्याचा काही फायदा नसतो, कारण मालकी व बोजा तपासणाऱ्या वकिलाच्या पहिल्याच शोध अहवालात ते दिसते.

## टप्पा ३: जमीन कोणाची, संस्थेचे म्हणणे काय

इमारत कोणत्या जमिनीवर उभी आहे हे अनेक मालकांना ठाऊकच नसते. सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवरील सदनिकेचे हस्तांतरण सिडकोच्या परवानगीशिवाय व शुल्काशिवाय पूर्ण होत नाही. शासनाने दिलेल्या वर्ग २ च्या, म्हणजे हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असलेल्या, जमिनीवरील संस्थांमध्ये जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. म्हाडाच्या सोडतीत मिळालेल्या घराला विक्रीबंदीचा काळ असतो. तो वाटपपत्रात वाचावा. यांतले काहीही लागू होत असेल तर परवानगीला लागणारा वेळ आणि तिचा खर्च कोण करणार, हे दोन्ही किंमत ठरवण्यापूर्वी माहीत असावे.

संस्थेकडे आधी सगळी थकबाकी भरून 'येणे बाकी नाही' असा दाखला घ्यावा. आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण संस्थांसाठीची नमुना नियमावली) सदस्याने हस्तांतरणाच्या इराद्याची सूचना, होणाऱ्या खरेदीदाराच्या संमतीसह, सचिवांना १५ दिवस आधी द्यायची असते; ती ग्राहक निश्चित झाल्यावर द्यावी. परंतु ना-हरकत पत्र संस्था किती दिवसांत देते, त्यासाठी कोणता अर्ज लागतो आणि सध्या सह्या कोणाच्या चालतात, ही चौकशी आत्ताच करून ठेवावी. उपविधींनुसार असे पत्र सक्तीचे नसले तरी कर्ज देणाऱ्या बँका ते मागतातच, त्यामुळे तत्त्वाचा वाद घालत बसण्यापेक्षा पत्र घेऊन मोकळे व्हावे.

हस्तांतरण अधिमूल्याबाबत (ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे सदनिका नव्या सदस्याच्या नावे करताना संस्था घेते ती रक्कम) मात्र नियम माहीत असू द्यावा. महानगरपालिका क्षेत्रात त्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे आणि लहान क्षेत्रांत ती त्याहून कमी आहे. इमारत निधी, देणगी किंवा विकास निधी अशा वेगळ्या नावाने जास्त रक्कम मागितली गेल्यास ती मागणी लेखी द्यायला सांगावी. लेखी मागितल्यावर ती बहुधा पुढे सरकत नाही.

इथे थांबून तपासा: साखळी पूर्ण, वारसांच्या सह्या निश्चित, बोजाची स्थिती लेखी, जमिनीचा प्रकार माहीत, संस्थेची थकबाकी शून्य. या पाचांपैकी एक जरी अडलेले असेल तर पुढे जाऊ नये.

## टप्पा ४: क्षेत्रफळ मोजा, मग किंमत ठरवा

जाहिरातीतील सर्वांत मोठा गोंधळ क्षेत्रफळाचा असतो. जुन्या करारांत कुठे बिल्टअप, कुठे सुपर बिल्टअप, कुठे नुसतेच 'क्षेत्र' लिहिलेले असते. ग्राहकाला आज कार्पेट क्षेत्र, म्हणजेच चटई क्षेत्र, हवे असते आणि त्याची व्याख्या २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात दिलेली आहे: सदनिकेतील प्रत्यक्ष वापरण्याजोगे क्षेत्र, ज्यात आतल्या विभाजक भिंतींखालची जागा धरली जाते, पण बाहेरच्या भिंती, सेवा वाहिन्यांचे शाफ्ट, स्वतःच्या वापराची बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही. टेपने प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत मोजावी, आतल्या भिंतींची जागा मिळवावी आणि बाल्कनी वेगळी लिहावी. करारात चौरस मीटर असतील तर १०.७६४ ने गुणावे, म्हणजे ५२.४० चौ. मी. म्हणजे सुमारे ५६४ चौ. फूट. मोजलेला आकडा आणि करारातील आकडा जुळत नसेल तर जाहिरातीत करारातील आकडा द्यावा आणि फरक ग्राहकाला प्रत्यक्ष भेटीत सांगावा. बंद करून खोलीत घेतलेली बाल्कनी कार्पेटमध्ये मोजू नये. बँकेचा मूल्यांकनकार ती मंजूर नकाशावरून लगेच ओळखतो.

किमतीसाठी शेजाऱ्यांनी सांगितलेला भाव आणि जाहिरातींतील भाव हे दोन्ही आधार कच्चे आहेत, कारण पहिला ऐकीव असतो आणि दुसरा केवळ मागणीचा. खरा आधार म्हणजे त्याच इमारतीत किंवा शेजारच्या इमारतीत गेल्या वर्षभरात नोंदवल्या गेलेल्या करारांची सूची क्रमांक २. त्यात मोबदला, बाजारमूल्य व क्षेत्रफळ तिन्ही दिसतात आणि ती ई-सर्चवर पाहता येते. असे तीन-चार व्यवहार काढून प्रति चौरस फूट दर मांडावा. मग मजला, उद्वाहन, पार्किंग, दिशा आणि आतील स्थिती यांनुसार तो वर-खाली करावा.

वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यानुसार, म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे, येणारे मूल्यही काढून ठेवावे. मुद्रांक शुल्क हे मोबदला आणि हे मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर आकारले जाते. मोबदला या मूल्यापेक्षा बराच कमी असेल आणि तफावत १० टक्क्यांच्या सवलतीपलीकडे गेली, तर प्राप्तिकरात विकणारा व घेणारा दोघांनाही त्याचा फटका बसतो. अशा वेळी सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा. भांडवली नफ्याचा हिशेबही त्याच बैठकीत करून घ्यावा, कारण सदनिका २४ महिन्यांपेक्षा अधिक काळ बाळगली आहे की नाही, यावर कराचे गणित बदलते.

## टप्पा ५: दुरुस्ती

इथे फार खर्च करू नये. नवे किचन ट्रॉली किंवा नवी फरशी यांचे पैसे किमतीत क्वचितच वसूल होतात, कारण नवा मालक ते बहुधा बदलतोच. गळके नळ, न लागणारी खिडकी, सैल विजेची बटणे, तुटलेला आरसा एवढे नीट करावे.

ओल मात्र लपवू नये. ओलसर भिंतीवर थेट रंग मारला तर तो पहिल्याच पावसात फुगतो आणि ग्राहकाचा विश्वास कायमचा जातो. आधी पाणी कुठून येते ते शोधावे. वरच्या सदनिकेच्या न्हाणीघरातून येत असेल तर दुरुस्ती त्या सदस्याने करायची असते. बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून येत असेल तर ती संस्थेची जबाबदारी असते आणि संस्थेला लेखी पत्र देऊन पोच घ्यावी. गळती थांबल्यावर भिंत पूर्ण सुकू द्यावी आणि त्यानंतरच पुट्टी व रंग करावा.

## टप्पा ६: जाहिरात

छायाचित्रे सकाळच्या उजेडात, सगळे पडदे उघडून, फोन आडवा धरून छातीच्या उंचीवरून काढावीत. दारातून आत शिरल्यावर घर जसे दिसते त्या क्रमाने ती लावावीत आणि न्हाणीघर वगळू नये. जे छायाचित्र नसते त्याविषयी ग्राहक वाईटच कल्पना करतो. देवघर, मुलांची नावे लिहिलेली प्रमाणपत्रे, कपाटाच्या किल्ल्या आणि कुरिअरच्या खोक्यांवरील पत्ते चौकटीत येणार नाहीत, हे पाहावे.

मजकुरात विशेषणे कमी आणि आकडे जास्त असावेत. 'प्रशस्त, हवेशीर, मोक्याच्या जागी' असे लिहिलेल्या जाहिराती इतक्या असतात की त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे:

"दोन शयनगृहांची सदनिका, करारानुसार कार्पेट ५६४ चौ. फूट, बाल्कनी वेगळी. सात मजली इमारतीत चौथा मजला, उद्वाहन चालू. भोगवटा प्रमाणपत्र उपलब्ध. गृहकर्ज चालू, बँकेचे येणे रकमेचे पत्र तयार. दोन सहमालक, दोघेही विक्रीस तयार. ताबा नोंदणीनंतर ४५ दिवसांत."

यातली शेवटची तीन वाक्ये बहुतेक जाहिरातींत नसतात. मला विचाराल तर गंभीर ग्राहक नेमके त्यांच्यामुळेच फोन करतो.

सावधान: 'पार्किंगसह' हा शब्द विचारपूर्वक वापरावा. नहालचंद लालूचंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये निर्णय दिला की बिल्डरला खुली किंवा स्टिल्टखालची (इमारतीच्या तळाशी खांबांमधली) पार्किंगची जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही. तुमची जागा संस्थेने वाटप केलेली असेल तर 'संस्थेच्या वाटपानुसार एक पार्किंग' असे लिहावे आणि ते वाटप नव्या सदस्याला आपोआप मिळते का, हे संस्थेला विचारावे.

मध्यस्थ नेमायचा असल्यास त्याच्याकडे महारेराचे (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचे) नोंदणी प्रमाणपत्र आहे का ते विचारावे आणि अटी कागदावर घ्याव्यात: दलाली किती, ती केव्हा देय होते, काम एकट्याला दिले आहे की अनेकांना, आणि तो दोन्ही बाजूंकडून घेणार आहे का. तीच सदनिका पाच मध्यस्थांनी पाच वेगवेगळ्या किमतींना जाहीर केली तर ग्राहक सर्वांत खालच्या आकड्यापासूनच बोलायला सुरुवात करतो.

कराराच्या किंवा इंडेक्स टूच्या प्रती, आधार आणि पॅन यांची छायाचित्रे चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला फोनवर पाठवू नयेत. प्रत्यक्ष भेट झाल्यावर, आधार क्रमांकाचे पहिले आठ अंक झाकून, प्रतीवर तिरपे 'फक्त पाहणीसाठी' असे लिहून द्यावे.

## टप्पा ७: इसार ते नोंदणी

इसार पावतीवर निदान पुढील गोष्टी असाव्यात: पूर्ण मोबदला, दिलेली रक्कम व तिचा बँक व्यवहार क्रमांक, करार करण्याची अंतिम तारीख, ग्राहकाला कर्ज नाकारले गेल्यास इसाराचे काय होणार, आणि मालकाने माघार घेतल्यास काय. शेवटच्या दोन अटी तोंडी ठेवल्या जातात आणि सगळी भांडणे तिथेच होतात. इसार रोख घेऊ नये. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा अधिक रोख स्वीकारणे प्राप्तिकर कायद्याने निषिद्ध आहे आणि दंड स्वीकारणाऱ्याला, म्हणजे तुम्हालाच, तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो.

मोबदला ५० लाख रुपये किंवा अधिक असेल तर ग्राहकाने १ टक्का कर कापून सरकारकडे भरायचा असतो. तो तुमच्या पॅनवर जमा झाला की नाही हे स्वतः प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर पाहावे आणि ग्राहकाकडून कपातीचे प्रमाणपत्र घ्यावे. विकणारा अनिवासी भारतीय असल्यास कपातीचा दर बराच जास्त असतो. कमी कपातीचा दाखला प्राप्तिकर खात्याकडून आधीच काढून ठेवला नाही तर मोठी रक्कम परताव्यात अडकून पडते.

मुद्रांक शुल्क सही होण्यापूर्वी किंवा सहीच्या दिवशी भरलेले असावे. नोंदणी फी मोबदल्याच्या १ टक्का, कमाल ३०,००० रुपये आहे. महिला खरेदीदाराला निवासी घरासाठी मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, त्यामुळे ग्राहकाने खरेदीदारांची नावे मसुदा तयार होण्यापूर्वीच पक्की करावीत. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी सादर करावा लागतो. शक्यतो सही आणि नोंदणी एकाच दिवशी करावी. मसुद्यात सदनिका क्रमांक, मजला, क्षेत्रफळ, शेअर सर्टिफिकेट क्रमांक आणि भागांचे (शेअर्सचे) अनुक्रमांक मोठ्याने वाचून मूळ कागदांशी ताडावेत, कारण चुकलेल्या एका अंकासाठी पुढे चूक दुरुस्ती दस्त करावा लागतो आणि सगळ्यांना पुन्हा निबंधक कार्यालयात जमावे लागते.

तपासा: करारात ताब्याची तारीख 'संपूर्ण मोबदला मिळाल्यावर' अशी लिहिलेली आहे ना? बँकेचा शेवटचा हप्ता येण्यापूर्वी, 'सामान ठेवायला' म्हणूनही, किल्ली देऊ नये.

## टप्पा ८: ताबा आणि नंतरचे आठ दिवस

शेवटची रक्कम खात्यात जमा झाल्याची खात्री करून ताबा पावती लिहावी. तिच्यावर त्या दिवसाचे वीजमीटरचे वाचन, गॅस जोडणीची स्थिती, किल्ल्यांची संख्या आणि घरात सोडलेल्या वस्तू नमूद कराव्यात. संस्थेकडे हस्तांतरणाचा अर्ज, मूळ शेअर सर्टिफिकेट, हस्तांतरण शुल्क व अधिमूल्य दोघांनी एकत्र जाऊन द्यावे आणि पोच घ्यावी. वीजजोडणी व मालमत्ता कराच्या नावबदलासाठी ग्राहकाला लागणाऱ्या संमतीपत्रांवर त्याच दिवशी सह्या कराव्यात. नंतर शहर बदलल्यावर त्या मिळवणे त्याला कठीण जाते आणि थकलेल्या बिलाचे फोन मात्र तुम्हाला येत राहतात. नोंदणीकृत कराराची एक प्रत, कर्ज बंद झाल्याचे पत्र आणि ताबा पावती प्राप्तिकर विवरणपत्रासाठी वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी आणि दोन महिन्यांनी शेअर सर्टिफिकेटवर नव्या सदस्याचे नाव चढले की नाही, हे संस्थेला एकदा विचारून घ्यावे.